लाईनमनची पोरगी, जवस निवडताना

आमच्या सेलूकडं वीज म्हणजे आभाळातली,
बाभळीवर, नाहीतर कुणाच्या म्हशीवर पडणारी.
तारेतून येते ती लाईन.
लाईन आली. लाईन गेली. मेली लाईन.
रात्री दोनला दार वाजायचं,
"अश्रुबा, लाईन कवा यायची?"
जसं काही तिला माहेराहून आणायला
अण्णाच जाणार होते.

शाळेत मी स्पेलिंग शिकले.
चार अक्षरं, शेवटचं मुकं.
अण्णांनी पाटीकडं बघितलं, टेस्टर खिशात खोवला.
"मुकं हाय तं ठिवलं कशाला?
फुकटचा लोड."

रॉकेलच्या लाईनीत आई कॅन ठेवून यायची,
कॅनच तिच्या जागी पुढं सरकायचा.
आत्या लाईनीपल्याड दिली होती,
म्हणजे स्टेशनामागं, दहा मिनिटांवर,
पण आजोबा असं सांगायचे
जणू गंगेपल्याड दिली.
आणि हेल्परचा मुंजाजी
सायकलची घंटी वाजवत आमच्या घरावरून तीनदा गेला
तेव्हा शेजारीण म्हणाली, पोरीवर लाईन मारतो.
अण्णा जेवत होते.
"कोणती? सिंगल फेज का थ्री फेज?"
मी भाकरीत तोंड लपवलं.

रांग, तार, रूळ, रेघ, ओळ
असे वेगळे शब्द होते की आमच्याकडं,
धुऊन घडी घातलेले.
त्या एका शब्दानं सगळे ट्रंकेत गेले.

एकदा परमिट घेऊन अण्णा खांबावर चढले.
खालून कुणी फोनवर विचारलं, "बंद?"
पलीकडच्याला ऐकू आलं, "बंद."
त्यानं "हाव" म्हटलं.
एवढंच.
डाव्या तळव्यावरची रेघ गेली.
हात बघणारा चाचरला, ही आयुष्याची होती म्हणाला.
अण्णा त्याला दहा रुपये देऊन
आयुष्य घेऊन घरी आले.

परभणीच्या कॉलेजात एक डिक्शनरी होती,
वाळवीनं मागून खात आणलेली.
एल वाचला होता.
तिथं लिहिलेलं:
लाईन, मूळ लॅटिन, लिनम, म्हणजे जवस.
जवसाच्या वाखाचा धागा, त्याची दोरी,
दोरी ताणली की सरळपणा,
सरळपणावरून पुढचं सगळं.
मला आधी हसू आलं.
मग भूक लागली.

कारण जवस म्हणजे आमच्या ज्वारीच्या कडेची दोन तासं,
ढोरं आत शिरू नयेत म्हणून पेरलेली.
सकाळी निळी, दुपारी पाकळ्या मातीत.
जवस म्हणजे उखळ, लसूण, तिखट,
आईच्या मनगटाला येणारा तेलकट वास.
ते दाणे आम्ही खाल्ले, वाख फेकला.
कुठं दूर कुणी वाख ठेवला,
दोरी वळली, शब्द वळला,
आणि तोच शब्द सरकारी शिक्का घेऊन
अण्णांच्या खिशावर परत आला.

मी धावत सांगायला आले. अण्णांनी नीट ऐकलं,
मान हलवली, तंबाखू मळला.
"मंग तेच्यायला, जवसाचीच वढायची होती.
तिनं करंट नसता मारला."
आणि तळवा लुगड्याखाली लपवावा तसा
मांडीखाली घेतला.

आता ते रिटायर आहेत.
ओट्यावर आम्ही तिघं जवस निवडतोय,
चिमटीत राहत नाही, निसटतं,
खडा तेवढा थांबतो.
एवढ्यात गल्लीतून ओरड, "लाईन गेली!"
अण्णा उठले.
चप्पल शोधली एका पायानं, अंधारात,
मग आठवलं असेल. बसले.
कुणी काही बोललं नाही.
सुपातला आवाज तेवढा चालू होता.
आईला निवडायला लाईन लागत नाही.